कितीदा मावशी

रस्त्यात ओळखीचं माणूस भेटलं की आपण जय भीम म्हणतो, नमस्कार म्हणतो, नाहीतर जेवण झालं का म्हणून विचारतो. आमच्या सिस्टर विचारायच्या, "कितीदा?"

बरं, जवळ येऊन हळू विचारावं की नाही. सिस्टर गल्लीच्या ह्या टोकाला, पोरगं त्या टोकाला, मधे अख्खी वस्ती दारात बसलेली, आणि ह्यांचा आवाज खणखणीत. "काय रे, सकाळपासून कितीदा?" म्हणजे सकाळपासून संडासला कितीदा जाऊन आलास. पोरगं अकरावीतलं, नुकती मिशी फुटलेली, डोळ्यावर गॉगल, मित्राच्या गाडीवर मागे बसून क्लासला निघालेलं. ते बसल्या जागी अर्धं व्हायचं. मित्राला हसू आवरायचं नाही, गाडी इकडून तिकडे हलायची, आणि सिस्टर रस्त्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या. उत्तर मिळाल्याशिवाय वाट सोडणार नाहीत.

पोरांनी त्यांचं नावच 'कितीदा मावशी' पाडलं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा एका नव्या पोराने माझ्या दाराशी येऊन चुकून विचारलं, "कितीदा मावशी आहेत का?" मी जीभ चावली. सिस्टर आतून म्हणाल्या, "हायेत. ये. आन् तूच सांग आधी, कितीदा?"

मी जालन्यात आमच्या वस्तीची आशा. घरोघर जायचं, कोण गरोदर आहे, कुणाला ताप आहे, कुणाच्या लेकराची लस राहिली ते वहीत लिहायचं, गोळ्या-पुड्या द्यायच्या, दवाखान्यात न्यायचं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन किराणाच्या पुड्यांच्या कागदावर झालं, त्यामुळे माझ्या बऱ्याच बातम्या अर्ध्यातच फाटलेल्या. सिस्टर आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात नर्स. पिंपळगाव रेणुकाईच्या, भोकरदन तालुक्यातल्या, शेतीवाडीच्या घरातल्या. उंच, हाडकुळ्या, चालणं असं की पाठीमागून कुणी आवाज देत असावं. चष्म्याची एक काडी मोडलेली होती, ती दवाखान्यातल्या जखमेच्या चिकटपट्टीने बांधलेली. दोन वर्षं मी तीच पट्टी बघत होते. नवा चष्मा घ्या म्हटलं तर म्हणायच्या, "जखम भरून राह्यली आक्का, आता कामून खर्चा करायचा?"

आणि त्यांच्या पिशवीतून कायम एक स्टीलचा दांडा बाहेर डोकावत असायचा. लोकांना वाटायचं, नर्सबाईंचं काहीतरी यंत्र असेल. ते ओगराळं होतं. माठातलं पाणी काढायचं लांब दांड्याचं ओगराळं, चहाच्या टपरीवरही मिळतं तसं. ज्या घरात माठात गिलास बुचकळून पाणी काढताना बोटं पाण्यात जायची, तिथे सिस्टर काही न बोलता उठायच्या, पिशवीतून ओगराळं काढून त्या बाईच्या हातात द्यायच्या आणि परत जागेवर बसायच्या. जाताना ते परत मागून घ्यायच्या. दुसऱ्या फेरीला तसंच. तिसऱ्या फेरीला त्या घरात स्वतःचं ओगराळं आलेलं असायचं, लाजेखातर.

आता त्यांची मुख्य खोड सांगते. सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की अर्धा तास बसायच्या. अर्धा म्हणजे अर्धाच. मनगटावरच्या घड्याळात बघून बसायच्या आणि घड्याळात बघून उठायच्या.

पहिल्या दिवशी मी त्यांना गल्ली दाखवायला निघाले तेव्हा मला ह्याचा उलगडाच होईना. त्यांच्या आधी ज्या नर्सबाई होत्या त्या दारातूनच विचारून जायच्या. त्यांच्याजवळ स्वतःची पाण्याची बाटली असायची. आमची वस्ती सगळी बौद्धांची. कुणी घरी आलं आणि पाणी नको म्हणालं, तर आमच्याकडे ते साधं नको राहत नाही. माझ्या सासूने ज्या पाणवठ्यावर लांब उभं राहून पाणी मागितलं होतं, ते तिच्या मरणापर्यंत तिच्या बोलण्यात होतं. त्या बाटलीवाल्या बाई मनाने वाईट नसतील. पोट बिघडू नये म्हणूनच बाटली आणत असतील. पण वस्तीने जे समजायचं ते समजून घेतलं, आणि त्यांनी सांगितलेलं एकही काम कुणी केलं नाही.

ह्या सिस्टर आल्या त्या पहिल्याच घरात चप्पल काढून, "जय भीम" म्हणून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, प्यायला पाणी द्या."

त्या घरच्या सुनेने लगबगीने माठाकडे हात नेला. सिस्टर म्हणाल्या, "थांबा, मीच येते. माठ कुठं हाये?" उठल्या, माठात डोकावल्या, ओढणीने नाक पुसणाऱ्या पोरीला बाजूला केलं, पिशवीतून छोटी बाटली काढून क्लोरीनचे थेंब मोजून टाकले, ओगराळ्याने ढवळलं, झाकण ठेवलं. मग घड्याळ बघितलं आणि मांडी घालून म्हणाल्या, "हां. आता सांगा, माहेर कुठलं?"

सुनेचं माहेर टेंभुर्णी निघालं. मग टेंभुर्णीतलं कोण, कुणाच्या शेताला लागून कुणाचं शेत, कुणाची म्हैस कुणाच्या कपाशीत गेल्ती, सगळं झालं. सासू पहिले दूर होती, ती सरकत सरकत जवळ आली. बरोबर अर्ध्या तासाने सिस्टर उठल्या, ओगराळ्याने पाणी काढून दोन गिलास प्यायल्या आणि "गोड हाये" म्हणून निघाल्या.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सिस्टर, अशानं दिवसात सहाच घरं होतील."

"औषध टाकल्यावर अर्धा तास जाऊ द्यावा लागतो आक्का. तवर पाणी प्यायचं नसतं."

"मंग पाणी मागताच कशाला?"

त्या थांबल्या. चष्मा वर केला. "पाणी न मागता मी त्यांच्या माठापर्यंत गेले असते का?"

एवढंच. वस्तीत सगळे म्हणायचे, बाई फार गप्पिष्ट आहे. ती गप्पिष्ट नव्हती, माठ पिकायला टाकून बसलेली असायची. पण त्या अर्ध्या अर्ध्या तासात वस्तीतलं एक भांडण, एक लग्न आणि दोन पळून जाणं त्यांना माझ्या आधी कळलं. आशा मी, आणि बातम्या त्यांच्याजवळ.

लहान लेकराला हगवण लागली तर आई पदर खोचून पळत येते. म्हाताऱ्याला लागली तर म्हातारं ओरडून सांगतं. पण तेरा ते अठरा वर्षांची पोरं-पोरी मरतील पण सांगणार नाहीत. पोरं मेडिकलवरून बंद व्हायची गोळी आणून गपचूप खातात. पोरी तर त्याहून वर. शाळेत संडासला कडी नाही, म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि पोट बिघडलं तर घरी डोकं दुखतंय म्हणून पडून राहतात. सिस्टरचा सगळा राग ह्या वयावर होता आणि सगळा जीवही ह्याच वयावर.

एका उन्हाळ्यात त्यांनी पोरांच्या क्रिकेटच्या चेंडूला खायचा निळा रंग चोळला. केकमध्ये घालतात तो, पावडरीचा. कोरडा असताना दिसत नव्हता, घाम लागला की उठायचा. तासभर पोरं खेळली. मधेच पाणीपुरीचा गाडा आला, तिथे जाऊन पोरांनी पाणीपुरी खाल्ली, परत खेळली. मग सिस्टर आल्या आणि सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. एकाचे ओठ निळे, एकाची जीभ निळी, एकाने नाकात बोट घातलं होतं त्याचं नाक निळं. आणि हात न धुता खाल्लं तर काय होतं म्हणून जो सगळ्यात जास्त वाद घालायचा, त्याचे दातसुद्धा निळे.

"बघा," सिस्टर म्हणाल्या, "चेंडू कुठून कुठं गेला. गटारात पडल्यावर पण असाच जातो. तेव्हा दिसत न्हाई, एवढंच."

निळ्या दाताचा म्हणाला, "मावशी, निळा रंग तर आपलाच हाये. नडत न्हाई."

"झेंड्यावर लाव की मंग. जिभेवर कामून लावतो?"

पोरं हसली. संध्याकाळी चार आया निळे शर्ट घेऊन माझ्या दारात. सिस्टर तोवर गेलेल्या. शिव्या मी खाल्ल्या.

आता पूनमचं सांगते, कारण सिस्टरची गोष्ट तिच्याशिवाय पुरी होत नाही.

पूनम माझ्या शेजारची. आई दालमिलमध्ये कामाला, बाप लोडिंग रिक्षा चालवतो. पोरगी हुशार आणि अबोल. दहावीला बसली त्या वर्षी दुसऱ्या पेपरच्या आदल्या दिवसापासून तिला जुलाब होते. कुणाला सांगितलं नाही. पेपरला गेली, हॉलमध्ये अर्ध्या तासाने उभी राहिली, सर पुरुष होते, त्यांना काय सांगणार, परत बसली, परत उभी राहिली, आणि चक्कर येऊन पडली. पुढचे तीन पेपर सलाईन लावून दवाखान्यात गेले.

मी शेजारी. मी आशा. भिंतीला भिंत लागून. मला कळलं नाही.

सिस्टरना ते फार लागलं. त्या दिवसापासून त्यांचं हे ओरडून 'कितीदा' सुरू झालं, असं आता मागे वळून बघताना माझ्या लक्षात येतं. आधी त्या हळू विचारायच्या. नंतर मोठ्याने. मी एकदा म्हटलं, पोरं लाजतात हो. त्या म्हणाल्या, "मी रोज सगळ्यांना ओरडून विचारलं तर लाजायचं तरी किती दिवस? थकतील." आणि ज्यांना तरीही जमायचं नाही त्यांच्यासाठी त्यांनी सोय काढली. "तोंडानं सांगायची लाज वाटती ना? मंग बोटं दाखव. बोटाला लाज नसती." तेव्हापासून आमच्या गल्लीत सकाळच्या वेळी बघितलं तर गच्चीवरून, खिडकीतून, सायकलवरून पोरं-पोरी मूठ दाखवायची. मूठ म्हणजे काही नाही, सगळं ठीक. आणि एखादं बोट वर झालं, तीन झाली, की सिस्टर ओआरएसची पुडी घेऊन त्या घराकडे वळायच्या.

पूनमच्या बापाचं मात्र ठरलं होतं. तो एक दिवस आम्हा दोघींसमोर म्हणाला, "आता एकदाच बसवतो सिस्टर. ह्या वेळेला झालं तर झालं. न्हाई तर भोकरदनचं स्थळ आल्तं, त्यांना हो म्हणतो."

"वय काय तिचं?"

"सोळा. लग्न न्हाई म्हणत मी. साखरपुडा करून ठेवू."

सिस्टरनी पिशवीतून ओआरएसची पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली. "साखर माझ्याजवळ हाये दादा, ह्यात मीठ पण हाये. तुमचा साखरपुडा ठेवा तिकडं. एक करार करू. पेपर संपेपर्यंत हिच्या पोटाची जबाबदारी माझी. हिनं सगळे पेपर दिले, तर स्थळाचं नाव काढायचं न्हाई. बारावीपर्यंत तरी."

"आन् न्हाई दिले तर?"

"मंग मी तुमच्या दारात परत पाणी मागणार न्हाई."

बाप हसला. त्याला वाटलं, बाई गमतीने बोलतेय. मला माहीत होतं, त्यांच्यासाठी ह्याच्याहून मोठी गोष्ट नव्हती.

आता आमच्या पाण्याचं सांगायला हवं. जालन्यात नळ रोज येतो असं कुणी म्हणालं तर तो बाहेरगावचा. आमच्याकडे आठ-दहा दिवसांनी येतो, आणि आला तर तासभर राहतो, कधी तेवढाही नाही. त्यामुळे नळ आला अशी आरोळी झाली की प्रत्येक घरात पहिले काय होतं? प्यायचे हंडे भरतात. पहिले हंडे, मग कळशा, मग टाकी, मग ड्रम. माझ्या सासूने तसं केलं, मी तसं केलं. नळ कधी जाईल भरवसा नाही, मग प्यायचं पहिलं नको का भरायला?

सिस्टर म्हणायच्या, तिथंच फसता. "नळी दहा दिवस रिकामी पडती. बाजूला गटार. जिथं जिथं फुटलंय तिथून गटाराचं पाणी आत झिरपतं. नळ आला की पहिल्या धारेला तेच बाहेर येतं. पहिलं अर्धा तास पाणी ड्रममध्ये सोडा, भांड्याला, फरशीला, संडासला. मंग हंडा लावा."

सगळे मान डोलवायचे. आणि नळ आला की पहिले हंडा लावायचे. मी सुद्धा. खोटं कशाला सांगू? वहीत लिहायचं 'पहिले पाणी प्यायचे नाही याबाबत माहिती दिली' आणि घरी येऊन पहिल्याच धारेला हंडा धरायचा. पुढच्या अर्ध्या तासात नळ गेला तर? ते भ्या सिस्टरच्या बोलण्याहून जुनं होतं.

पूनमच्या गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी आठला नळ आला.

आई दालमिलला गेलेली, बाप जाफराबादच्या भाड्यावर. पाणी भरायचं काम पूनमचं. पेपर अकराला. सिस्टर माझ्याकडे आल्या होत्या, त्या आरोळी ऐकून तिच्या घरात घुसल्या आणि म्हणाल्या, "तू पुस्तक धर. नळ मी धरते."

पूनम म्हणाली, "मावशी, हंडे आधी..."

"गणित कर."

आणि त्यांनी पाइप ड्रममध्ये सोडला. घड्याळात बघितलं. मी माझ्या दारातून बघत होते. माझ्या हातात माझा पाइप, पाइप माझ्या हंड्यात. आमची दोघींची नजरानजर झाली. मी दुसरीकडे बघितलं.

वीस मिनिटं झाली. पूनमचा ड्रम भरत आला. पंचवीस झाली. सिस्टर एका पायावर उभ्या राहिल्यासारख्या उभ्या. अठ्ठाविसाव्या मिनिटाला नळाने दोन उचक्या दिल्या आणि गेला.

मी माझ्या आयुष्यात सिस्टरचा चेहरा तसा बघितला नव्हता. पूनमच्या घरी एक ड्रम गढूळ पाणी आणि चार हंडे कोरडे. कोरडे म्हणजे वाजतील असे.

त्यांनी पूनमला पेपरला पाठवलं. मूठ दाखवून गेली पोरगी. मग सिस्टर उंबऱ्यावर बसल्या.

दुपारी बाप आला. त्याने हंडे बघितले, ड्रम बघितला, आणि मग गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "दोन मिनिटं नव्हती का तुमच्याजवळ? दोन हंड्याला दोन मिनिटं. अजून चार पेपर हायेत. पोरगी प्यायची काय? तुमचं घड्याळ?"

सिस्टर म्हणाल्या, "माझ्या घरचं पिईल."

"रोज?"

"रोज."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला सिस्टरच्या स्कुटीवर पुढे एक कॅन, मागे एक कॅन. त्यांच्या भाड्याच्या घरी बोअर होतं. त्या पहाटे उठून पाणी उकळायच्या, गार करायच्या आणि आणून पूनमच्या घरी ओतायच्या. वस्तीला मजाच आली. बाया नाक्यावर म्हणायच्या, "सिस्टर, आमच्याकडं बी टँकर पाठवा की." निळ्या दाताच्या पोराने स्कुटीमागे धावत विचारलं, "मावशी, आज कितीदा? खेपा म्हणतो मी, खेपा." सिस्टर त्याला म्हणाल्या, "दोनदा. आन् तू?" त्याने मूठ दाखवली. पूनमचा बाप मात्र कॅन उतरवून घ्यायलाही यायचा नाही. दारात उभा राहून बघायचा.

चौथ्या दिवशी त्याच निळ्या दाताच्या पोराने मूठ दाखवली नाही. गच्चीवरून पाच बोटं दाखवली. शेजारच्या खिडकीतून चार. कोपऱ्यावरच्या घरात दोघी बहिणी, एकीची सहा, दुसरी बोटं दाखवायला उठलीच नाही. दुपारपर्यंत अर्धी गल्ली. माझा स्वतःचा नातू, नववीतला, माझ्या हंड्यातलं पाणी प्यायलेला. त्याने मला बोटं दाखवली तेव्हा मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

पण ह्या वेळेला एकही पोरगं लपलं नाही, हे मला सांगायलाच पाहिजे. सगळ्यांची बोटं वर होती. ज्यांना जास्त होतं ते दुपारीच दवाखान्यात गेले, बाकीच्यांना घरी ओआरएस सुरू झालं. कुणी पडून राहून वाळलं नाही.

आम्ही दोघी घरोघर फिरलो. चाळीस घरं. माठात थेंब टाका, पुडी एक लिटर पाण्यात कालवा, घोट घोट पाजा, हात धुवा, पुढचं घर. आणि प्रत्येक घरात गेल्या गेल्या बाया घाबरलेल्या, तरी सवयीने माठाकडे वळायच्या. "सिस्टर, पाणी."

पहिल्या घरात सिस्टरनी थेंब टाकले, ढवळलं आणि लगेच दोन घोट प्यायल्या. मी त्यांचा हात धरला. बाहेर आणून म्हटलं, "अर्धा तास?"

"चाळीस घरं हायेत आक्का. अर्धा तास कुठून आणू?"

"मंग पिऊ नका. आज नको म्हणलं तर कुणी वाईट मानणार न्हाई."

"आज त्यांच्या घरात पोरगं निजलंय. आन् आजच मी त्यांच्या घरचं पाणी नको म्हणू?"

मी त्या दिवशी सोबत होते. घोट मोजले नाहीत, पण त्यांनी एकाही घरी नको म्हटलं नाही. दोन घोट इथे, एक घोट तिथे, आणि प्रत्येक ठिकाणी "गोड हाये."

पूनमच्या घरात कुणाला काही झालं नाही. ज्या घरात प्यायचं पाणी नव्हतं, तेच घर धडधाकट. पूनमचा बाप हे बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कुटी आली तेव्हा कॅन त्याने उतरवून घेतला.

त्याच दिवशी मला संशय आला. सिस्टर माझ्या घरी तीनदा हात धुवायला गेल्या. हात धुवायला दहा दहा मिनिटं. ओठ सुकलेले. मी विचारलं, "बरं न्हाई का?" म्हणाल्या, "ऊन लागलं." दुसऱ्या दिवशी कॅन घेऊन आल्या तर स्कुटी स्टँडवर लावायला तीनदा जोर लावावा लागला. "काय होऊन राह्यलं सिस्टर?" तर म्हणे, "काल जेवले न्हाई, म्हणून." मला कळत होतं. पण त्या वरच्या, मी आशा. त्यांना कसं विचारायचं? विचारायला गेलं की जीभ मागे जायची. आणि ज्या बाईने अख्ख्या वस्तीला रस्त्यात उभं करून विचारलं, ती स्वतः पदराने तोंड पुसत म्हणत होती, ऊन लागलं.

तो भूगोलाचा पेपर होता, शेवटचा. दुपारी दोन-सव्वादोनच्या सुमाराला सिस्टर विहाराच्या पायरीवर सावलीला बसल्या होत्या. पूनमचा पेपर कसा गेला ते ऐकून जाते म्हणाल्या. मी शेजारी. पूनमचा बाप त्याच्या रिक्षात बसलेला. आजारातून उठलेली चार पोरं कट्ट्यावर.

पूनम आली. हातात पॅड, पाठीवर दप्तर. गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिने सिस्टरकडे बघितलं. नीट बघितलं. तिला ते ओठ ओळखता येत होते, मागच्या वर्षी तिने तसेच ओठ आरशात बघितले होते.

ती तिथेच थांबली, गल्लीच्या त्या टोकाला. आणि ती अबोल पोरगी, जिने हॉलमध्ये सरांना सांगता आलं नाही म्हणून वर्ष घालवलं होतं, ती ओरडली, "मावशी, कितीदा?"

दारं उघडली. बाया बाहेर आल्या.

सिस्टरनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पदर डोक्यावरून पुढे ओढला. "काय न्हाई गं. पेपर कसा गेला?"

"पेपर सोपा गेला. कितीदा?"

"अगं, ऊन लागलं..."

"मावशी," कट्ट्यावरून निळ्या दाताचं पोरगं म्हणालं, "तोंडानं लाज वाटत असंल तर बोटं दाखवा."

मी जन्मात सिस्टरना लाजताना बघितलं नव्हतं. त्या लाजल्या. मान खाली घालून त्यांनी हळूच एक हात वर केला, पाच बोटं. सगळे बघत होते. मग दुसरा हात पदराखालून निघाला. तीन.

पूनम घरात गेली. सकाळी सिस्टरनीच आणलेल्या कॅनमधलं पाणी तिने लिटरच्या भांड्यात मोजून घेतलं, पुडी फोडली, ढवळलं, आणि भांडं, वाटी घेऊन बाहेर आली. सिस्टरच्या पिशवीतून तो स्टीलचा दांडा उपसला. ओगराळ्याने वाटीत ओतून वाटी त्यांच्या हातात दिली.

तिच्या बापाने रिक्षा वळवून पायरीशी आणून लावली. "थोडं पोटात जाऊ द्या, मंग दवाखान्यात सोडतो." मग कुणाकडेच न बघता म्हणाला, "भोकरदनवाल्यांना सकाळीच फोन केला. न्हाई म्हणून सांगितलं." आणि वर, "सिस्टर, पुढच्या नळाला पहिलं पाणी बराबर अर्धा तास सोडायचं ना? का पाच मिनिटं कमी केली तर चालतंय?"

सिस्टरनी वाटी तोंडाला लावून घटाघटा संपवायला सुरुवात केली.

पूनमने वाटी ओढून खाली केली. "घोट घोट."

"अगं, मला शिकवती का?"

"घोट घोट, मावशी." ती पायरीवर शेजारी मांडी घालून बसली. सिस्टरचं मनगट हातात धरलं आणि घड्याळ आपल्याकडे वळवून बघितलं. "अर्धा तास बसणार मी. हां, आता सांगा, माहेर कुठलं?"